स्वादुपिंडाच्या नलिकेतली 'साधी' गाठ आणि मायक्रोस्कोपखालचं निदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि निफाड, दिंडोरी, कळवण, सिन्नर, मालेगावकडून तुकडा तपासायला देणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी हे पान आहे. लिहिणारी पॅथॉलॉजिस्ट आहे, सर्जन नाही. त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही, याचं उत्तर इथे मिळणार नाही. रिपोर्टातला शब्द कुठून येतो आणि त्यावर किती भिस्त ठेवायची, एवढं मात्र मिळेल.

स्वादुपिंडाच्या नलिकेतली गाठ म्हणजे नक्की कुठली?

स्वादुपिंड, म्हणजे पँक्रियाज, जठराच्या मागे आडवं असतं. त्याचं डोकं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसतं आणि शेपूट प्लीहेपर्यंत जातं. त्यात तयार होणारा पाचकरस बारीक नलिकांतून मुख्य नलिकेत येतो आणि तिथून आतड्यात उतरतो. निरोगी माणसात ही मुख्य नलिका जेमतेम ३ मिलिमीटर रुंद असते. या सगळ्या नलिकांना आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. त्या अस्तरातून किंवा तशाच घडणीच्या पेशींतून वाढलेल्या गाठींबद्दल इथे बोलायचं आहे. बहुतेक गाठी पोकळ असतात, आत पाणी नाहीतर चिकट स्राव. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर 'सिस्ट' असं येतं. इन्सुलिनसारखी हार्मोन्स बनवणाऱ्या पेशींच्या गाठी हा वेगळा विषय आहे.

सोनोग्राफीत सिस्ट निघाली. म्हणजे कॅन्सरच ना?

बहुतेक वेळा नाही. मुतखड्यासाठी सोनोग्राफी करायला गेलेल्याला ही सिस्ट अचानक सापडते, आणि अशा छोट्या सिस्ट पुष्कळदा वर्षानुवर्षं तशाच राहतात. पण 'पाण्याची गाठ आहे, सोडून द्या' असा सल्ला शेजारच्यांकडून घेऊ नका. आधी प्रकार ठरू द्या.

डॉक्टर म्हणाले, 'साधी गाठ आहे'. साधी म्हणजे कायमची साधी?

सगळ्यात जास्त गैरसमज याच शब्दावर होतो. या गाठींत एक प्रकार खरोखर साधा आहे : सिरस सिस्टअडिनोमा. तो वाढला तरी कॅन्सरकडे जाण्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. दुसरे दोन प्रकार, म्युसिनस सिस्टिक नियोप्लाझम म्हणजे एमसीएन आणि आयपीएमएन, आज साधे असले तरी पुढे बिघडू शकतात. आयपीएमएनचं लांबलचक नाव इंट्राडक्टल पॅपिलरी म्युसिनस नियोप्लाझम. सिरस म्हणजे पातळ पाण्याची, म्युसिनस म्हणजे म्युसिन या चिकट स्रावाची, आणि नियोप्लाझम म्हणजे पेशींची नवी वाढ.

हे तीन प्रकार वेगळे आहेत हे कळायलाही वेळ लागला. १९७८ पर्यंत सिरस आणि म्युसिनस एकाच नावाखाली जात होते. आयपीएमएन तर १९८२ मध्ये जपानमधून पहिल्यांदा नीट मांडला गेला. तेव्हा घरातल्या कुणा मोठ्यांच्या जुन्या फाइलमध्ये नुसतंच 'सिस्टअडिनोमा' लिहिलेलं असेल, तर त्यावरून आजचा अंदाज बांधू नका.

म्हणून रिपोर्टमध्ये 'कॅन्सर नाही' एवढंच वाचून फाइल मिटू नका. प्रकार कुठला, ग्रेड (पेशी किती बिघडल्या आहेत ते) कुठली आणि गाठीतला किती भाग तपासला, या तिन्ही गोष्टी पाहा. तिसरी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही.

सीटी आणि एमआरसीपी झालं आहे. त्यावरून प्रकार कळत नाही का?

बऱ्याचदा कळतो, निदान अंदाज तरी येतो. मुख्य नलिकेला लागून असलेल्या शाखांमध्ये आयपीएमएन झाला की एमआरसीपीत, म्हणजे नलिका दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, त्या फुगलेल्या शाखा द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुख्य नलिका ५ मिलिमीटरच्या पुढे फुगली की लक्ष ठेवायचं आणि १० मिलिमीटर झाली की सर्जनकडे जायचं, असं २०२४ च्या क्योटो मार्गदर्शक सूचना सांगतात. सिस्टच्या आतल्या भिंतीवर कॉन्ट्रास्ट घेणारी (स्कॅनच्या वेळी दिलेल्या औषधाने उजळणारी) ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल, किंवा स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या सिस्टमुळे कावीळ झाली असेल, तरीही तेच.

पण जुन्या स्वादुपिंडदाहात खडे अडकूनही नलिका अशीच फुगते. पोटाला मार लागल्यावर किंवा दाहानंतर साचलेलं पाणी, म्हणजे स्यूडोसिस्ट, चित्रात अगदी सिस्टसारखं दिसतं. मायक्रोस्कोपखाली मात्र त्याला पेशींचं अस्तरच नसतं, नुसती दाहाने जाड झालेली भिंत असते.

एंडोस्कोपीतून सुईने पाणी काढलं. त्यात तुम्ही काय बघता?

आधी डोळ्यांनी. बोटांच्या मध्ये ताणलं की तार धरणारं, चिकट पाणी असेल तर म्युसिनस गाठीची शंका बळावते. मग ते पाणी दोन ठिकाणी जातं : थोडं बायोकेमिस्ट्रीकडे, थोडं आमच्याकडे.

बायोकेमिस्ट्रीत सीईए (काही पेशी बनवतात ते प्रथिन), अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम) आणि साखर पाहतात. सीईए १९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर गेलं तर गाठ म्युसिनस असण्याकडे कल, साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तरीही तिकडेच. अमायलेज २५० च्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास बाद. एक गोष्ट इथे ठळकपणे सांगते, कारण यावरून घराघरांत रडारड होते : सिस्टच्या पाण्यातलं सीईए वाढलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. तो आकडा फक्त 'म्युसिनस की नाही' एवढंच सांगतो. रक्तातल्या सीईएशी त्याची तुलना करू नका.

आमच्याकडे आलेलं पाणी सेंट्रिफ्यूज करून त्याच्या स्लाईड बनवतो. इथे खरी गंमत आहे, आणि फसगतही. गाठ डोक्यात असेल तर सुई आतड्याच्या भिंतीतून जाते, शेपटाकडे असेल तर जठराच्या भिंतीतून. जाताना त्या भिंतीच्या पेशी सुईत येतातच. आतड्याच्या पेशी ओळखायला सोप्या : सपाट चादरीसारखा तुकडा, कडेला ब्रशसारखी रेघ, मधे मधे गॉब्लेट पेशींचे पांढरे ठिपके. जठराच्या अस्तराच्या पेशी मात्र साध्या आयपीएमएनच्या पेशींसारख्याच दिसतात, उंच, वरच्या टोकाला म्युसिन भरलेल्या, केंद्रक खाली बसलेलं. नुसत्या दिसण्यावर त्या वेगळ्या काढणं कधी कधी अशक्य असतं. म्हणून सुई कुठून घातली, हे फॉर्मवर लिहिलेलं नसेल तर आम्ही फोन करून विचारतो. त्या फोनला कृपया उत्तर द्यायला सांगा.

सुईच्या रिपोर्टमध्ये 'कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत' असं आहे. सुटलो म्हणायचं?

नाही. सुईत जे आलं त्यात दिसल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पाच सेंटिमीटरच्या गाठीतून काही थेंब आले, त्यात पेशी मोजक्या. बिघडलेला भाग भिंतीच्या एका कोपऱ्यात असेल आणि सुई दुसऱ्या कोपऱ्यात गेली असेल, तर रिपोर्ट स्वच्छच येणार.

'इनअडिक्वेट' किंवा 'नॉन-डायग्नोस्टिक' आलं तर लॅबने काम टाळलं असं समजू नका. पेशीच नसतील तर मत कशावर द्यायचं? अशा वेळी 'निगेटिव्ह' लिहून मोकळं होणारा रिपोर्ट जास्त धोक्याचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या सायटोलॉजी (सुट्या पेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी सात गट ठरवून दिले. अपुरा नमुना, बिनाइन (निरुपद्रवी), अटिपिकल (पेशी थोड्या वेगळ्या), लो-रिस्क नियोप्लाझम, हाय-रिस्क नियोप्लाझम, कॅन्सरचा संशय आणि कॅन्सर. साधा आयपीएमएन यात 'लो-रिस्क नियोप्लाझम'मध्ये बसतो, 'बिनाइन'मध्ये बसत नाही. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे.

पूर्ण गाठ काढून दिली. रिपोर्टला इतके दिवस कशाला लागतात?

लोकांना वाटतं, मायक्रोस्कोपला डोळा लावला की झालं. त्याआधीचं काम सांगते.

काढलेला भाग फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, येतो. तो नीट मुरायला मोठ्या नमुन्याला एक-दोन दिवस लागतात. व्हिपलच्या, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या, ऑपरेशनचा नमुना असेल तर त्यात स्वादुपिंडाचं डोकं, आतडं, पित्तनलिका असं सगळं एकत्र असतं. आधी सगळ्या कापलेल्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतो, म्हणजे नंतर स्लाईडवर कुठली कड कुठली ते कळतं. मग मुख्य नलिकेत बारीक सळई घालतो आणि तिच्या रेषेत चाकू चालवतो. आयपीएमएन असेल तर या क्षणी नलिकेतून जेलीसारखा म्युसिन बाहेर सरकतो आणि आतल्या भिंतीवर मखमली लव दिसते. सळई सिस्टमध्ये शिरली का, हे तेव्हाच पाहून लिहून ठेवावं लागतं. सिस्टचं मुख्य नलिकेशी नातं आहे की नाही, हा आयपीएमएन आणि एमसीएन यांच्यातला मोठा फरक, आणि एकदा बारीक तुकडे केले की तो पुन्हा तपासता येत नाही.

नंतर तुकडे कॅसेटमध्ये (छोट्या जाळीदार डबीत), रात्रभर अल्कोहोल आणि झायलीनमधून, मग वितळलेल्या मेणात. मेणाचा ब्लॉक तयार झाला की मायक्रोटोमवर ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप. त्यांना दोन रंग देतो, केंद्रक निळसर-जांभळं आणि बाकी पेशी गुलाबी होते.

म्युसिनस गाठीत शक्यतो सगळी गाठ कॅसेटमध्ये जावी, कारण कॅन्सरची सुरुवात काही मिलिमीटरच्या जागेत लपलेली असू शकते. ब्लॉक वाढले की दिवस वाढतात, बिलही वाढतं. पण आठ ब्लॉक पाहून दिलेलं 'लो ग्रेड' आणि पूर्ण गाठ पाहून दिलेलं 'लो ग्रेड' यांना मी एका किमतीचं धरणार नाही.

मायक्रोस्कोपखाली प्रकार ओळखतात कसे?

सिरस सिस्टअडिनोमा बहुतेकदा लगेच कळतो. अगदी बारीक बारीक कप्पे, मधोमध चट्ट्यासारखी तंतूंची चांदणी, आणि कप्प्यांना चपट्या-चौकोनी पेशींचं एकेरी अस्तर. पेशींचा आतला भाग पारदर्शक, केंद्रक गोल आणि गडद. पारदर्शक असायचं कारण ग्लायकोजन. पीएएस रंगाने तो लाल दिसतो आणि आधी डायस्टेज एन्झाइम टाकलं तर रंग नाहीसा होतो. म्युसिन नाही.

एमसीएनमध्ये अस्तराच्या उंच म्युसिनभरल्या पेशी तर असतातच, पण निदान ठरतं अस्तराच्या खाली. तिथे लांबट पेशींचा दाट थर असतो, थेट बीजांडकोशात असतो तसा. हा थर दिसल्याशिवाय एमसीएन म्हणायचं नाही. त्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर सापडतात. गाठ जवळपास नेहमी बायकांमध्ये, बहुधा चाळिशी-पन्नाशीत, स्वादुपिंडाच्या धडात किंवा शेपटात, आणि नलिकेशी जोडलेली नसते. पुरुषाच्या रिपोर्टवर एमसीएन लिहिलेलं असेल तर मी तरी स्लाईड परत मागवून बघेन.

आयपीएमएन नलिकेच्या आतच वाढतो. अस्तराला घड्या पडत जातात, प्रत्येक घडीच्या मध्ये रक्तवाहिनीचा नाजूक दांडा. काही जागी पेशी जठरासारख्या दिसतात, काही जागी मोठ्या आतड्यातल्या पॉलिपसारख्या. याला गॅस्ट्रिक आणि इंटेस्टिनल प्रकार म्हणतात. तिसरा पॅनक्रिॲटोबिलिअरी, तो सहसा जास्त बिघडलेलाच सापडतो. शाखांमधल्या गाठी बहुतांशी गॅस्ट्रिक असतात आणि शांत राहतात. मुख्य नलिकेतल्या गाठींचा धोका बराच जास्त.

याखेरीज दोन विरळ भावंडं आहेत. एकात पेशी दाणेदार गुलाबी असतात, तिला ऑन्कोसायटिक म्हणतात आणि २०१९ पासून ती आयपीएमएनमधून वेगळी काढली आहे. दुसरीत नळ्या-नळ्यांची गर्दी आणि म्युसिन जवळपास नाही, ती इंट्राडक्टल ट्यूब्युलोपॅपिलरी नियोप्लाझम.

तरुण मुलीच्या स्वादुपिंडात मोठी गाठ असेल तर सॉलिड स्यूडोपॅपिलरी नियोप्लाझमचा विचार करावा लागतो. ती नलिकेची नाही, पण चित्रात सिस्टसारखी दिसून गोंधळ घालते.

लो ग्रेड आणि हाय ग्रेड यात नेमका फरक काय?

लो ग्रेडमध्ये पेशी शिस्तीत असतात. केंद्रकं तळाला, आकार जवळपास सारखे, वर म्युसिन. हाय ग्रेडमध्ये ती शिस्त मोडते : केंद्रकं वरपर्यंत चढतात, लहानमोठी होतात, पेशी विभागताना पृष्ठभागाजवळही दिसतात, घड्या एकमेकींत मिसळून जाळी होते. पूर्वी मधे 'इंटरमिजिएट' अशी पायरी होती. २०१५ च्या बाल्टिमोरच्या बैठकीत ती काढून दोनच पायऱ्या ठेवायचं ठरलं, आणि जुनी मधली आता लो ग्रेडमध्येच मोजली जाते. जुना रिपोर्ट 'मॉडरेट डिसप्लेजिया' (पेशींचा मध्यम बिघाड) म्हणतो आणि नवा 'लो ग्रेड', म्हणून गाठ सुधारली असा आनंद करू नका.

हाय ग्रेड म्हणजेही पसरलेला कॅन्सर नाही. पेशी अजून नलिकेच्या आतच आहेत. त्या भिंत ओलांडून बाहेर पडल्या का, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि आमच्या कामातला सगळ्यात कठीण. नलिका फुटून म्युसिन बाहेर सांडतो, तेव्हा ऊतींमध्ये म्युसिनची तळी दिसतात. तळं रिकामं असेल, भोवती दाहाच्या पेशी असतील, तर ती नुसती गळती. तळ्यात बिघडलेल्या पेशींचे पुंजके तरंगत असतील तर कोलॉइड कॅन्सर. एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही सापडू शकतात, मग खोल खोल काप घ्यावे लागतात. असं एखादं प्रकरण आलं की आम्ही एकमेकांना स्लाईड दाखवतो, आणि रिपोर्टला उशीर होतो.

रिपोर्टच्या तळाशी 'पॅन-इन, लो ग्रेड' असंही लिहिलं आहे. ही दुसरी गाठ का?

गाठ नाही. ५ मिलिमीटरपेक्षा लहान नलिकांच्या अस्तरातला बदल. लो ग्रेड असेल तर वयस्क माणसांत तो सर्रास सापडतो. झोप उडवून घेण्यासारखं त्यात काही नाही. हाय ग्रेड असेल तर मात्र सर्जनशी बोला.

आयएचसी आणि जनुकांची तपासणी सांगितली आहे. करायलाच हवी?

दरवेळी नाही. सिरस गाठ रंगवलेल्या साध्या स्लाईडवर स्पष्ट असेल तर आयएचसीवर, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासणीवर, पैसे घालवू नका. सुईचा अपुरा तुकडा आहे, किंवा दोन प्रकारांत अडकलंय, तेव्हा ती उपयोगी. सिरसमध्ये इनहिबिन, स्यूडोपॅपिलरीत केंद्रकातलं बीटा-कॅटेनिन, एमसीएनच्या खालच्या थरात हार्मोन रिसेप्टर शोधतात. सिस्टच्या पाण्यात जनुकं पाहिली तर जीएनएएसमधला बदल आयपीएमएनकडे बोट दाखवतो, केआरएएसमधला म्युसिनस गाठीकडे, व्हीएचएलमधला सिरसकडे. ही पाण्याची तपासणी बहुधा बाहेरगावी पाठवावी लागते. उत्तराने उपचार बदलणार आहेत का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशन चालू असतानाच तुकडा लॅबला पळवला. का?

कापलेल्या टोकाशी नलिका स्वच्छ आहे का, हे पाहायला. तुकडा क्रायोस्टॅटमध्ये उणे २० अंशांच्या आसपास गोठवून काप घेतात आणि साधारण २० मिनिटांत सर्जनला फोनवर उत्तर जातं. टोकाशी हाय ग्रेड किंवा कॅन्सर दिसला तर सर्जन आणखी भाग काढतात. लो ग्रेड असेल तर सहसा तिथेच थांबतात. गोठलेल्या तुकड्यात पेशी फुगलेल्या दिसतात, कधी अस्तरच खरवडून गेलेलं असतं. त्यामुळे अंतिम रिपोर्ट थोडा वेगळा आला तर कुणी काही लपवलं असा अर्थ काढू नका.

साधी होती, तर एवढं मोठं ऑपरेशन केलं कशाला?

हा प्रश्न रागाने येतो आणि राग समजण्यासारखा आहे. म्युसिनस गाठ आतून कशी आहे हे बाहेर काढून पूर्ण तपासल्याशिवाय खात्रीने कळत नाही. सिरस गाठ मात्र निव्वळ शंकेवर काढली गेली असेल, तर पुढच्या वेळी आधी चित्रं दोन तज्ज्ञांना दाखवावीत असं मी नातेवाइकांना सांगते.

गाठ निघाली. आता तपासण्या बंद?

सिरस पूर्ण निघाली, तर स्वादुपिंडासाठी पुन्हा पुन्हा स्कॅनची गरज सहसा नसते. एमसीएन पूर्ण निघाली आणि बाहेर पसरलेली नव्हती, तरी तेच. आयपीएमएनमध्ये मात्र उरलेल्या स्वादुपिंडात दुसऱ्या जागी नवी गाठ होऊ शकते, म्हणून कड स्वच्छ असली तरी पुढेही एमआरआय चालू ठेवतात. दर दिवाळीला फाइल उघडून पुढची तारीख पाहा.

घरच्यांनाही होईल का?

बहुतेक गाठी आनुवंशिक नसतात. स्वादुपिंडात पुष्कळ सिरस सिस्ट आहेत आणि कुणाला डोळ्याच्या पडद्यावर, मेंदूत किंवा किडनीत गाठी झाल्या आहेत, असं असेल तर व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आजाराची चौकशी करावी. जवळच्या नात्यात दोघा-तिघांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मुंबईला दुसरं मत घ्यायचं आहे. तुम्हाला वाईट वाटेल का?

अजिबात नाही, उलट हाय ग्रेडच्या प्रकरणात मीच सुचवते. परळच्या टाटा मेमोरियलला जायचं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने निघण्याआधी लॅबकडून स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या. नुसता रिपोर्टचा कागद नेला तर रिकाम्या हाताने परत यावं लागतं. सोबत ग्रॉसचं (नमुना नुसत्या डोळ्यांनी कसा दिसला त्याचं) वर्णन, कुठल्या ब्लॉकमध्ये कुठला भाग याची यादी आणि सीटी-एमआरसीपीची सीडी. ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. ब्लॉक किती वर्षं सांभाळतात ते प्रत्येक लॅबमध्ये वेगळं असतं, तेव्हा नंतर नेऊ म्हणून ठेवू नका.

आईला सांगू नका, रिपोर्ट आमच्याच हातात द्या, असं म्हटलं तर चालेल?

रिपोर्ट रुग्णाच्या डॉक्टरांकडे जातो. काय आणि कसं सांगायचं ते त्यांच्याशी बसून ठरवा. लॅबच्या खिडकीत उभं राहून हा निर्णय होत नाही. आणि एक सांगू? आईला बहुधा आधीच कळलेलं असतं.

नमुना आम्हालाच लॅबपर्यंत आणावा लागणार आहे. काय काळजी घ्यायची?

कळवणहून एसटीने तुकडा आणायचा असला तरी काही बिघडत नाही, फक्त तो फॉर्मालिनमध्ये हवा. सलाईनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा बर्फात घालून आणू नका. फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहापट असावं आणि डबीचं तोंड रुंद असावं. घट्ट झालेला तुकडा अरुंद तोंडाच्या बाटलीतून काढताना फाटतो. सुईचं पाणी मात्र वेगळं : ते फॉर्मालिनमध्ये घालायचं नाही, आधी लॅबला फोन करून विचारायचं आणि लवकरात लवकर पोचवायचं.

फॉर्मवर वय, स्त्री की पुरुष, गाठ डोक्यात की शेपटात, नलिकेशी जोडलेली आहे का, सुई जठरातून घातली की आतड्यातून, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. एका टेबलावर चार डब्या उघडल्या की झाकणं बदलतात.